रामाच्या टेकडीवर फक्त राम नाही : रामटेकच्या गडाचा सोळाशे वर्षांचा धार्मिक इतिहास

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

रामटेकच्या विकास आराखड्याची बातमी आली की आपल्या ग्रुपवर एकच वाक्य फिरतं : "प्रभू रामचंद्र वनवासात इथे थांबले, म्हणून रामटेक." वाक्य चूक नाही, श्रद्धेचा भाग आहे. टेक म्हणजे टेकणं, विसावणं. काही जण म्हणतात टेक म्हणजे प्रतिज्ञा. अगस्ती ऋषींच्या आश्रमात रामानं राक्षसांच्या नाशाची टेक घेतली. पण सगळी गोष्ट या एका वाक्यात उरकली, तर गडावरची निम्मी दगडं मुकी होतात. आणि बोर्ड लागतात, फरशा बसतात, रंग चढतो, तेव्हा कुठला दगड जपायचा आणि कुठल्यावर चुना मारायचा हे या वाक्यावरूनच ठरतं. म्हणून हा खटाटोप.

गडाचा सगळ्यात जुना पक्का पुरावा एका बाईच्या नावाचा आहे. प्रभावतीगुप्ता. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक आणि वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाची राणी. नवरा लवकर गेला, मुलं लहान. मग पाचव्या शतकाच्या सुरुवातीला विदर्भाचा कारभार तिनं स्वतः चालवला. राजधानी नंदिवर्धन, म्हणजे आपलं नगरधन, रामटेकपासून हाकेच्या अंतरावर. २०१५ ते २०१८ या काळात तिथे उत्खनन झालं आणि तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली, वर शंखाची खूण. नगरधनचा किल्ला पाहायला जाणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे? किल्ला नंतरचा. मुद्रा त्याच्या कितीतरी आधीची.

तिचं एक दानपत्र अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सापडलं. ते कुठून दिलं, हे ताम्रपटातच लिहिलेलं आहे : रामगिरीस्वामीच्या पायाशी बसून. रामगिरी म्हणजे हाच गड. राजमाता इथे येत होती, देवापुढे दान सोडत होती. आता गंमत बघा. हा ताम्रपट रिद्धपूरला निघाला आणि पुढे आठशे-साडेआठशे वर्षांनी एक तरुण रामटेकला म्हणून निघाला तोही रिद्धपूरलाच अडकला. त्याच्याकडे येतोच.

गडावर चढताना दोन नरसिंह मंदिरं लागतात, केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह. लाल वालुकाश्म, ठेंगणी बांधणी, आत भलामोठा बसलेला नरसिंह, एक हात गुडघ्यावर सैल टाकलेला, दुसऱ्या हातात चक्र. हिरण्यकश्यपूचं पोट वगैरे काही नाही. लढाई आटोपून निवांत बसलेला देव वाटतो. बहुतेक भाविक त्याच्यापुढून सरळ गडमंदिराकडे निघून जातात. मी लहानपणी तेच करत होतो.

या केवल नरसिंहाच्या भिंतीवर एक शिलालेख आहे आणि तो शेकडो वर्षं गिलाव्याखाली झाकलेला होता. १९८० च्या दशकात गिलावा काढला तेव्हा अक्षरं दिसली. लेख तुटका आहे. पण प्रभावतीगुप्तेच्या लेकीनं आईच्या स्मरणार्थ देऊळ उभारलं आणि देवाला आईच्याच नावावरून प्रभावतीस्वामी म्हटलं, एवढं अभ्यासकांनी त्यातून लावलं. डॉ. अरविंद जामखेडकर आणि डच संशोधक हान्स बाकर यांनी या लेखावर बरंच काम केलं आहे. विचार करा, आईच्या नावानं लेकीनं बांधलेलं पाचव्या शतकातलं देऊळ आपल्या तालुक्यात आहे आणि ते आपल्याला कळलं कधी, तर चुना खरवडला तेव्हा. "मंदिर स्वच्छ करून रंगवून टाका" असं कुणी उत्साहानं म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो तो याच्यामुळे.

वराह दरवाज्याजवळचा अखंड दगडाचा वराह त्याच काळातला. त्याच्या पोटाखालून सरपटत जायचं. पापी असेल तो अडकतो म्हणतात. (आमच्या एका वजनदार नेत्यांनी फोटोग्राफर सोबत असताना हा प्रयोग टाळला होता. नाव विचारू नका.) तुटलेल्या त्रिविक्रमाची मूर्तीही तशीच जुनी. म्हणजे वाकाटकांच्या काळात हा गड विष्णूच्या अवतारांचा होता : नरसिंह, वराह, वामन-त्रिविक्रम. ज्या घराण्याच्या वत्सगुल्म शाखेच्या, म्हणजे वाशीमच्या, राजवटीत अजिंठ्याची नामांकित बौद्ध लेणी झाली, त्याच घराण्याच्या नंदिवर्धन शाखेनं हे केलं. आणि प्रभावतीचा मुलगा दुसरा प्रवरसेन स्वतः शिवभक्त होता. तरी रामानं सेतू बांधल्याच्या कथेवर सेतुबंध हे प्राकृत काव्य त्याच्याच नावावर आहे. आई विष्णूची, मुलगा शिवाचा, भाऊबंद बुद्धाला लेणी देतायत. आजच्या घरातसुद्धा एवढं पचत नाही.

कालिदासाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना पाठ आहे. मेघदूतातला यक्ष ज्या रामगिरीवर राहिला तो हाच, हे नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी पुराव्यानं मांडलं. मल्लिनाथानं चित्रकूट म्हटलं, काही जण छत्तीसगडच्या रामगढकडे बोट दाखवतात. पण प्रभावतीचा ताम्रपट बघता मिराशींचं पारडं जड आहे असं माझं मत. गडावर स्मारक आहे, १९९७ मध्ये कालिदासाच्या नावानं संस्कृत विद्यापीठ झालं.

आता मनसर. नागपूरहून येताना जिथे वळता, तिथल्या हिडिंबा टेकडीवर १९९० च्या दशकाच्या शेवटापासून जवळपास दहा वर्षं खोदकाम झालं. बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्थेनं पुढाकार घेतला, भदंत सुरेई ससाई त्यामागे होते, जगतपती जोशी आणि अ. कु. शर्मा यांच्या देखरेखीखाली काम चाललं. विटांचं प्रचंड बांधकाम निघालं आणि वाद सुरू झाला. उत्खनन करणाऱ्यांनी आणि नागपूरच्या बौद्ध समाजानं इथे स्तूप आणि विहाराच्या खुणा पाहिल्या. आचार्य नागार्जुनाची स्मृती या भागात जुनी आहे, रामटेकजवळच्या टेकडीला त्याचं नाव आहे. दुसरीकडे बाकर आणि इतरांनी 'प्रवरेश्वर' नावाच्या मुद्रांकडे बोट दाखवून इथे प्रवरसेनाचं शिवालय आणि त्याची नवी राजधानी प्रवरपूर होती असं मांडलं. मनसरला १९७२ मध्ये सापडलेली ठेंगण्या शिवाची देखणी मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

माझं काय मत? प्रवरेश्वराच्या मुद्रा नाकारता येत नाहीत. पण त्याच टेकडीवर वेगवेगळ्या काळांचे थर आहेत आणि सगळे थर एकाच धर्माच्या नावावर करायचा हट्ट दोन्ही बाजूंनी होतो. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर जे झालं, त्यानंतर नागपूर परिसरातल्या माणसाला आपली मुळं या मातीत शोधाविशी वाटली तर त्यात नवल काय? त्या शोधामुळेच मनसर खोदलं गेलं, हेही विसरू नका. नाही तर ती टेकडी अजून झुडपात असती.

आणि आता ज्या देवळाबद्दल कुणी बोलत नाही ते. धूम्रेश्वर.

गडावर छोटंसं शिवमंदिर आहे. त्याची कथा ब्रिटिश काळच्या जिल्हा गॅझेटियरमध्येही नोंदलेली आहे आणि गावातल्या जुन्या माणसांनाही ठाऊक आहे. शंबूक नावाचा शूद्र तपस्वी इथे तप करत होता. शूद्रानं तप केलं म्हणून रामानं त्याला मारलं. मरताना त्यानं वर मागितले : रामानं इथेच राहावं, माझ्या देहाचं लिंग व्हावं आणि लोकांनी आधी माझी पूजा करावी, मग रामाची. ते लिंग म्हणजे धूम्रेश्वर.

ही नुसती दंतकथा म्हणून सोडता येत नाही. लक्ष्मण मंदिरात यादव राजा रामचंद्राच्या काळातला, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, एक शिलालेख आहे. तो मिराशी आणि ल. रा. कुळकर्णी यांनी प्रसिद्ध केला. त्यात रामगिरीवरच्या तीर्थांचं माहात्म्य सांगताना शंबूकाला इथे सद्गती मिळाल्याचा उल्लेख येतो. त्याही आधी, आठव्या शतकात, भवभूतीनं उत्तररामचरितात शंबूकाचा प्रसंग घातला आणि रामाचा हात तलवार उचलताना जड होतो असं दाखवलं. भवभूती कुठला? विदर्भातल्या पद्मपूरचा. मिराशींच्या मते ते गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळ. म्हणजे आपल्या मुलखात ही गोष्ट बाराशे वर्षं तरी बोचत आली आहे. कुणी ती झाकली नाही. मारणाऱ्याच्या आधी मेलेल्याला फूल वाहायचं, अशी रीत लोकांनी कथेत तरी घालून ठेवली.

मी एकदा गडावर एका म्हाताऱ्या बाईंना विचारलं, "आजी, आधी इकडे काहून?" त्या म्हणाल्या, "आधी याचा मान हाय बापा." का मान आहे हे त्यांना सांगता आलं नाही. आता मला सांगा, नव्या माहितीफलकांवर ही गोष्ट येणार की नाही? आली तर कुठल्या शब्दांत? गुळगुळीत करून "एका तपस्व्याला मोक्ष मिळाला" एवढंच लिहिलं तर ते खोटं नाही, पण अर्धं आहे.

आता तो रिद्धपूरला अडकलेला तरुण.

महानुभाव परंपरा सांगते की गुजरातेतल्या भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळ घरातून रामयात्रेचं निमित्त काढून निघाला. जायचं होतं रामटेकला. वाटेत रिद्धपूरला गोविंदप्रभू भेटले आणि सगळंच बदललं. राजपुत्रासारखा वाढलेला हरिपाळ एका वस्त्रानिशी भटकू लागला. लोक त्याला चक्रधर म्हणू लागले. पुढे ते रामटेकलाही आले. गडाच्या अंगाला भोगराम नावाचं वाकाटककालीन देऊळ आहे, शेजारी शेजारी दोन गाभारे असलेलं. चक्रधरस्वामी तिथे मुक्कामाला होते असं महानुभाव मानतात, म्हणून आज ते त्यांचं पवित्र स्थान आहे. देऊळ बांधलं विष्णूसाठी. जपलं महानुभावांनी, स्वामींचे पाय इथे लागले म्हणून. आज गडावर सोळाशे वर्षं जुनी भिंत आणि रोजचं राहतं अध्यात्म एकाच जागी बघायचं असेल तर भोगरामला जा. गेलात की "दंडवत प्रणाम" म्हणा. गडावरच्या गर्दीपासून दूर, अगदी शांत जागा आहे.

महानुभावांमध्ये बाईला संन्यास आहे, आणि तो आजचा नाही, चक्रधरांच्या काळापासूनचा. घरदार सोडून आलेल्या बायकांना पंथात तपस्विनी म्हणतात. त्या आश्रमात राहतात, पोथी वाचतात, भिक्षेचा नियम पाळतात, शिकवतात. महदाइसा म्हणजे महदंबा त्यातलीच. स्वामींना प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडणारी. रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या खेळासाठी तिनं धवळे रचले. मराठीतली पहिली कवयित्री ती. लीळाचरित्रात मासिक पाळीच्या विटाळावर चक्रधरांचं उत्तर आहे : शरीराला जशी इतर द्वारं आणि त्यांचे स्राव, तसंच हे, यात विटाळ कसला? तेराव्या शतकात! आणि आपण एकविसाव्या शतकात अजून कुठल्या देवळात बायकांनी यावं यावर चर्चा करतोय.

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला काय चाललं होतं ते सांगतो, कारण मला हा योगायोग फार आवडतो. इटलीत असिसी नावाचं डोंगरउतारावरचं गाव आहे. तिथे १२२६ मध्ये वारलेल्या फ्रान्सिसनं कापडव्यापारी बापाची श्रीमंती सोडून भिक्षा पत्करली होती. क्लारा नावाची खानदानी मुलगी त्याच्या वाटेनं गेली आणि गावाबाहेर सान दामियानोच्या छोट्या चर्चमध्ये बायकांचा मठ उभा राहिला. मालमत्ता नको, हा तिचा हट्ट. तो पोपनं मान्य केला १२५३ च्या ऑगस्टमध्ये, तिच्या मृत्यूच्या दोन दिवस आधी. त्या गावाच्या चौकात मिनर्व्हा देवीचं रोमन देऊळ आहे, खांब जसेच्या तसे, आत चर्च झालेलं. इटलीतल्या लोकांनी ते खांब लपवले नाहीत. उलट तेच बघायला जगभरचे लोक येतात.

क्लाराच्या मठाची आणि महदाइसेच्या पंथाची एकमेकांना खबर असण्याचा प्रश्नच नाही. पण दोन्हीकडे सधन घरातला मुलगा सगळं सोडतो, लोकांच्या बोलीत बोलतो आणि बायका त्याच्या मागे घराबाहेर पडतात. फरक एक. क्लाराच्या बहिणी भिंतीआड राहिल्या. आपल्या तपस्विनी पायी फिरल्या.

चक्रधरांनंतर शिष्य रिद्धपूरला जमले, गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. गोविंदप्रभू जातीची शिवाशिव न मानता कुणाच्याही घरात शिरत, कुणाचंही खात. लोक वेडा म्हणत. तिथेच १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केलं. मराठीतला आद्य गद्यग्रंथ. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, त्याच वर्षी रिद्धपूरचं मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं, आपण सगळ्यांनी पोस्टी टाकल्या. त्या वाटेचा पहिला प्रवासी निघाला होता रामटेकला, हे मात्र आमच्या रामटेकच्या पोस्टींत कुठे दिसलं नाही.

पुढचं पटपट. यादव गेले, गड बरीच शतकं शांत. देवगडचे गोंड राजे, मग नागपूरचे भोसले. रघुजी भोसल्यांनी रामटेकला पुन्हा नावारूपाला आणलं. तटबंदी, दरवाजे, अंबाळा तलावाचे घाट आणि भोवतीची देवळं यांवर भोसलेकाळाची छाप आहे. वराह, सिंगपूर, भैरव, गोकुळ असे एकामागून एक दरवाजे ओलांडत रामापर्यंत पोचायचं. आज आपण जे "रामाचं रामटेक" म्हणून ओळखतो त्याचं दिसणारं रूप मुख्यतः भोसल्यांनी घडवलं. अंबाळ्यावर आजही पिंडदानाला गर्दी असते, त्रिपुरी पौर्णिमेला जत्रा भरते.

भोसल्यांच्याच पदरी असलेल्या एका जैन कारभाऱ्याची कथा शांतिनाथ मंदिराला जोडलेली आहे. वर्धमान सावजी त्यांचं नाव. जिनदर्शनाशिवाय जेवायचं नाही हा नेम. रामटेकला मुक्काम पडला, जेवण अडलं, शोधाशोध केल्यावर रानात शांतिनाथाची उभी भव्य मूर्ती मिळाली. गडाच्या पायथ्याशी आज तिथे मोठं तीर्थ आहे. आचार्य विद्यासागर महाराजांचे चातुर्मास इथे झाले, मुलींची निवासी शाळा प्रतिभास्थली इथे आहे आणि ती ब्रह्मचारिणी ताया चालवतात. म्हणजे बघा, वर भोगरामच्या पंथात तपस्विनी, खाली या ताया. घर सोडून धर्माला वाहून घेतलेल्या बायकांची परंपरा या एका गावात दोन वेगळ्या पंथांत चालू आहे. बातमी कुणी केली? मीही आजच करतोय.

आणि हो, ज्या मतदारसंघानं १९८४ आणि १९८९ मध्ये पी. व्ही. नरसिंह राव यांना लोकसभेत पाठवलं, तिथल्या लोकांना गडावर नरसिंहाची दोन देवळं आहेत हे सांगावं लागतं. असो.

आता कामाचं बोलतो. आराखड्यातून रस्ते, पार्किंग, दिवे व्हावेत, नक्की व्हावेत. म्हाताऱ्या माणसांना पायऱ्या चढवत नाहीत. पण माझ्या तीन-चार मागण्या आहेत, लोकप्रतिनिधी आणि अधिकारी ही पोस्ट वाचतात म्हणून इथेच मांडतो. नरसिंह मंदिरं, वराह, त्रिविक्रम आणि भोगराम यांच्या दगडाला पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय रंग, सिमेंट, फरशी लागता कामा नये. प्रभावतीगुप्ता आणि तिची लेक यांची माहिती मराठीत, मोठ्या अक्षरात, देवळाजवळच लागावी. धूम्रेश्वराची कथा पूर्ण लिहावी, शंबूक हे नाव घालून. भोगरामच्या फलकाचा मजकूर महानुभाव मंडळींना विचारून ठरवावा. आणि मनसरच्या फलकावर दोन्ही मतं लिहावीत. वाचणारा शहाणा आहे, त्याला ठरवू द्या.

कमेंटमध्ये "तुम्ही कुठल्या बाजूचे" असं विचारण्याआधी एकदा गड नीट चढून या. सकाळी लवकर निघा. नरसिंहापुढे दोन मिनिटं थांबा, धूम्रेश्वराला जा, मग रामाला, आणि उतरताना भोगराम चुकवू नका. ज्यांच्या आजी-आजोबांनी गडाच्या गोष्टी सांगितल्या असतील त्यांनी खाली लिहा, विशेषतः धूम्रेश्वराच्या. जेवढ्या येतील तेवढ्या मी वहीत उतरवून ठेवतोय.